शुभांगी राज्य करायला शिकते

संध्याकाळची शेवटची बॅच सुटली की शुभांगी पडद्याच्या अलीकडे मेथी निवडायला बसायची. मेथी हे निमित्त. खरं काम कानांना होतं. पडद्याच्या पलीकडे घराची दर्शनी खोली, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, महेंद्रचा, कॉम्प्युटर क्लास. आणि तिथून रोज याच सुमाराला एका पोरीची किंकाळी यायची.

"सर, वाचवा! माझी शेतं जाळली हो त्यांनी!"

"आलो, आलो! तू मागे हो, मी घोडदळ आणतो!"

आणि मग दोघांचं खिदळणं.

शुभांगीच्या हातातली काडी पानांसकट परातीत पडायची. गॅस संपला, नळ गेला, सासूला चक्कर आली, कशासाठीही हाक मारा, महेंद्रचं उत्तर ठरलेलं असायचं: "दोन मिनिटं." आणि या बयेची खोटीखोटी शेतं जळाली तर हा घोडदळ घेऊन निघाला! शुभांगीच्या अंगाची लाहीलाही व्हायची.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. कोपरगावात तेव्हा कॉम्प्युटर ही चपला बाहेर काढून लांबून बघायची वस्तू होती. महेंद्रच्या क्लासात तीन मशीन होती. तिन्हींना शुभांगीनं स्वतः कव्हरं शिवली होती, निळ्या कापडाची, कडेला पांढरी लेस लावून. रुचा आल्या आल्या ती ओढून काढायची आणि टेबलाखाली कोंबायची. रुचा म्हणजे क्लासची नवी इन्स्ट्रक्टर, हायस्कूलच्या संस्कृतच्या सरांची मुलगी, नुकतीच बी.एस्सी. झालेली. केस मानेपर्यंत कापलेले, इंग्रजी बोलताना कुठे अडखळणं नाही. शुभांगी मॉनिटरला टीव्ही म्हणाली होती तेव्हा महेंद्र हसला होता आणि रुचा हसली नव्हती. न हसल्याचा राग शुभांगीला जास्त आला होता.

त्या खेळाची सीडी महेंद्रनं दिवाळीत पुण्याच्या मित्राकडून आणली. मशीन एकमेकांना वायरनं जोडली की दोघांतिघांना एकत्र खेळता यायचं. सुरुवातीला एक मोकळा माळ आणि मूठभर माणसं मिळायची. लाकूड तोडा, शेती करा, सोनं खणा, घरं बांधा, सैन्य उभं करा. आणि हे सगळं समोरचाही त्याच वेळेला करत असायचा, तुमच्यासाठी थांबायचा नाही. दिवाळी सरली, थंडी पडली, साखर कारखान्याच्या मळीचा वास गावभर पसरला, आणि महेंद्रची संध्याकाळ जी त्या माळावर गेली ती परत आलीच नाही.

"शुभे," खाटेवरून तिची सासू भिमाबाई म्हणाली, "ती पोरगी रोज कशापायी वरडती गं?"

"लढाई चाललीय, आत्या."

"कुनाशी?"

"मशीनशी. दोघं एका बाजूला आणि मशीन एका बाजूला."

भिमाबाईनं सुनेच्या परातीकडे बघितलं, मग पडद्याकडे. "आन् तू हितं मेथी निवडीत बसलीस व्हय? लई शानी हायेस."

सासू एवढं बोलली आणि कूस बदलून मोकळी झाली. शुभांगीला मात्र घास गोड लागेना. दुसऱ्या दिवशी तिनं पदर खोचला आणि नवऱ्यापुढे जाऊन उभी राहिली. "मला पण शिकवा."

महेंद्र आधी दचकला, मग खूश झाला. त्यानं तिला खुर्चीत बसवलं, माऊस हातात दिला. शुभांगीनं एका माणसाला झाडाकडे पाठवायचं ठरवलं, तो गेला नदीकडे. "अगं, उजवं बटण दाब. उजवं! असं नाही. आण इकडे." त्यानं माऊस काढून घेतला तो परत दिलाच नाही. तिच्या राज्यात तो स्वतःच खेळत राहिला आणि शुभांगी शेजारी बसून बघत राहिली. शेवटी म्हणाला, "हे तुला नाही जमायचं. यात फार डोकं लागतं." वाईट बोलायचं त्याच्या मनातही नव्हतं. पाऊस येईल असं वाटत नाही, असं सांगावं तसं तो सांगत होता.

शुभांगी उठून आत गेली. पण त्या क्षणी तिचं ठरलं. हा खेळ शिकायचा, आणि त्या रुचाला याच्या डोळ्यांदेखत धूळ चारायची. मग बघू कोण घोडदळ घेऊन कुणाच्या मदतीला धावतं.

आता शिकायचं कुणाकडे? महेंद्र आठवड्यातून दोन दुपारी बेलापूरच्या शाळेत शिकवायला जायचा. त्या वेळेला क्लासात बॅच नसायची, रुचा एकटीच असायची. म्हणजे जिच्याशी लढायचं तिच्याचकडून तलवार मागून घ्यायची होती. शुभांगीनं मनातल्या मनात जळफळत चहा केला, दोन कप घेतले आणि पडदा सारला.

"रुचा, तो खेळ मला दाखवशील? पण ह्यांना सांगायचं नाही."

"नाही सांगणार," रुचा म्हणाली. कशाला, का, काही नाही. कव्हर ओढून काढलं आणि बसली शेजारी.

ती शिकवायची मोठी छान. हेच तर शुभांगीच्या नाकाला झोंबायचं. शुभांगी चुकली तरी रुचा माऊसला हात लावायची नाही. हात मांडीखाली दाबून धरायची आणि म्हणायची, "वहिनी, तुमचे तीन लोक रिकामे उभे आहेत. शोधा बरं." नकाशा सगळा काळा असतो, आपलं माणूस जिथं जाईल तेवढाच उजळतो, म्हणून आधी एक घोडेस्वार टेहळणीला पाठवायचा, हे तिनंच सांगितलं. ही गोड नसती तर किती बरं झालं असतं, असं शुभांगीला वाटायचं. मनापासून द्वेष करायला माणसात काहीतरी खोट लागते, आणि या पोरीत ती सापडता सापडेना.

शुभांगीची खोट मात्र रुचाला लगेच सापडली. शुभांगी साठवायची. तिचं माहेर शेवगावकडचं, कोरडवाहू. तिकडे सुगीत आधी कणगी भरायची, मग सणाचं बघायचं. खेळातही तिनं चहूकडे शेतं केली, लाकूड रचलं, सोनं रचलं, आणि वरच्या कोपऱ्यातले आकडे फुगताना बघून तिचा जीव सुपाएवढा व्हायचा. सैन्य करायचं म्हटलं की आकडा खाली यायचा, ते तिला बघवायचं नाही.

"वहिनी, एवढं धान्य कशाला ठेवलंय?"

"लागेल की वेळेला."

"वेळ आली," रुचा म्हणाली. उत्तरेकडून शत्रूचे धनुर्धारी उतरले होते. बघता बघता घरं पेटली, शेतकरी पळाले, आणि कोठारात अन्न ओसंडत असताना शुभांगीचं राज्य बुडालं.

तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. रुचानं ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. "परत लावू?" एवढंच म्हणाली.

हळूहळू शुभांगी खर्च करायला शिकली. धान्य आलं की माणूस, माणूस आला की भाला. पोळ्या लाटताना तिच्या डोक्यात तट उभे राहायचे. भांडी घासताना ती ठरवायची की आज सोन्याची खाण आधी. यात मजा येत होती, हे ती स्वतःशीही कबूल करत नव्हती. संध्याकाळी पडद्याआड बसून पुन्हा ते हसणं ऐकलं की पोटात तीच आग पडायची. उलट आता जास्तच, कारण आता तिला कळायचं की महेंद्र काय करतोय. स्वतःची गढी उघडी टाकून तो सगळं घोडदळ रुचाच्या दाराशी उभं करायचा. रुचाला त्याची गरज नसायची. तरी करायचा.

एका शनिवारी तिनं मेथी तशीच ठेवली, पडदा सारून आत गेली आणि खिडकीजवळच्या तिसऱ्या मशीनवर बसली. "आज मी पण खेळणार."

"तू?" महेंद्र हसला. "बरं, तू आमच्या बाजूनं ये. आम्ही सांभाळू तुला."

तो 'आम्ही' शुभांगीच्या काळजात रुतला. "नको. तिघं वेगवेगळे खेळू. जो तो आपापला."

"हरलीस की रडायचं नाही हं."

खेळ सुरू झाला. शुभांगीनं चटाचट माणसं कामाला लावली, तट बांधला, तटाआड भालाईत, धनुर्धारी, घोडेस्वार उभे करत सुटली. आता महेंद्र येईल, तटावर आदळेल, आणि मग त्याला कळेल. ती वाट बघत राहिली. कुणी आलं नाही. पलीकडे ती दोघं एकमेकांवर तुटून पडली होती. "सर, हे चीटिंग आहे!" "अगं, आधी तुझा पूल सांभाळ!" खिदळणं तेच, फक्त आज ते पडद्याआडून नव्हे तर कानाशी येत होतं. महेंद्रनं तिच्या दिशेला एक माणूससुद्धा पाठवला नव्हता. साधी चौकशीसुद्धा नाही. जिच्यावर चाल करून जावं अशी ती कुणी नव्हतीच त्याच्या लेखी. एवढं सैन्य घेऊन शुभांगी तटाआड नुसती बसून होती.

तेवढ्यात तटापाशी एक घोडेस्वार दिसला. रुचाचा. तो तटाच्या कडेकडेनं फिरला. इतक्या जवळून आतलं सगळं दिसतं, हे शुभांगीला माहीत होतं. संपलं, तिला वाटलं. आता ही सांगणार.

आणि नेमकं महेंद्रनं विचारलं, "रुचा, हिच्याकडे काय आहे गं?"

क्षणभर रुचाच्या कीबोर्डचा आवाज थांबला. "काही नाही सर. शेतीच चाललीय."

घोडेस्वार वळला आणि निघून गेला.

शुभांगीनं मान वर केली नाही. तिनं तटाचं दार उघडलं आणि होतं नव्हतं ते सगळं सैन्य बाहेर काढलं. महेंद्रचं घोडदळ दूर रुचाच्या पुलावर झुंजत होतं, मागे गढी मोकळी. "हे कुठून आलं? रुचा, हे तुझं का?" तो ओरडला, आणि सैनिकांचा रंग शुभांगीचा आहे हे बघून चमकला. त्याचं राज्य पडलं. पाठोपाठ रुचाचं, अर्धमेलं झालेलं, तेही पडलं. शुभांगीच्या मशीनमधून विजयाचा कर्णा वाजला.

"मस्त, वहिनी!" रुचानं टाळ्या वाजवल्या.

महेंद्रनं खुर्ची फिरवली. शुभांगीकडे नाही, रुचाकडे.

"तू बघून आली होतीस. मी विचारलं होतं तुला."

"गेम आहे ना सर."

"गेमचं नाही म्हणत मी. तू मला खोटं सांगितलंस. हिला शिकवलंस पण तूच ना? आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस."

त्याचा आवाज किंचित कापत होता. शुभांगीला तो आवाज ओळखीचा होता. दिवाळीपासून तो तिच्याच पोटात होता, बाहेर काढायची तिची छाती झाली नव्हती इतकंच. आता तो तिच्या नवऱ्याच्या तोंडून येत होता, आणि दुसरीसाठी येत होता. ती हातभर अंतरावर बसली होती. आत्ताच तिनं त्याचं राज्य जाळून टाकलं होतं. तरी त्याला तिच्याकडे वळून बघावंसं वाटलं नाही, रागावण्यापुरतंसुद्धा नाही.

"मी चक्कर मारून येतो," महेंद्र म्हणाला आणि चपला पायात सरकवून बाहेर पडला.

रुचाचा चेहरा उतरला होता. ती पर्स उचलायला वाकली, तशी पुन्हा खाली बसली.

"का खोटं बोललीस?" शुभांगीनं विचारलं.

"मला वाटलं," रुचा नखांकडे बघत म्हणाली, "तुम्ही जिंकायला हवं. तुम्हाला ते फार हवं होतं, वहिनी. माझं काय, मी रोजच खेळते."

कीव. म्हणजे हिला सगळं कळत होतं. चहाच्या पहिल्या कपापासून कळत होतं, आणि हिनं खेळातलं राज्य उचलून तिच्या ओटीत टाकलं होतं, हळदीकुंकवाला खण द्यावा तसं. शुभांगीला वाटलं, या पोरीच्या गळ्यात पडून रडावं. वाटलं, हिचे ते कापलेले केस धरून गदागदा हलवावं. मत्सर तसूभर कमी झाला नव्हता. नवरा तर हिच्याकडेच बघत होता. पण आता शुभांगीला रुचाचा त्याहून मोठा हेवा वाटत होता, की हिला हरणं परवडतं. हसत हसत हरता येतं.

आतून भिमाबाईची हाक आली, "शुभे, कुकर लावला का न्हाई?"

"तुम्ही लावा, आत्या," शुभांगी म्हणाली. असं ती सासूला आजवर कधी बोलली नव्हती. आत खाट करकरली.

तिनं खुर्ची पुढे ओढली. "पर्स ठेव ती. परत लाव."

"एकत्र खेळायचं?" रुचानं हळूच विचारलं.

"विरुद्ध. आणि नीट ऐक, रुचा. या वेळेला तुझा तो घोडेस्वार माझ्या दाराशी येऊन नुसता बघून गेला, तर उद्यापासून तुझ्याशी बोलायची नाही मी. आलीस तर लढायला ये."

रुचानं तिच्याकडे बघितलं. मग ती सरळ बसली, मनगटातलं घड्याळ काढून बाजूला ठेवलं, आणि शिकवताना मांडीखाली दाबून धरायची ते दोन्ही हात पहिल्यांदाच शुभांगीशी लढायला कीबोर्डवर ठेवले.