पूजेतला पाना

जर्मन मार्क्याच्या मोटारींच्या एजन्सीत नव्यानं लागणाऱ्या मेकॅनिकला चार शब्द सांगायला अख्ख्या कोल्हापुरात माझ्याइतका लायक माणूस नाही, असं मी स्वतःच पुष्कळ वर्षं सांगत आलो. लोक ऐकतही आले. पंचगंगेच्या पुरात वाहून चाललेली व्हॅन मी पोहत जाऊन, बोनेट उघडून, पाण्यातच चालू केली, ही माझी गोष्ट गंगावेशीत पोरासोरांना पाठ आहे. पहिल्यांदा सांगितली तेव्हा पाणी गुडघ्याएवढं होतं. गेल्या पावसाळ्यात ते देवळाच्या कळसाला लागलं. कंपनीचा जर्मन साहेब आला आणि माझं मनगट हातात धरून म्हणाला, "हे आमच्या कारखान्यात बसवायला पाहिजे," ही दुसरी. साहेब आला होता हे खरं. माझं मनगट त्यानं धरलं होतं हेही खरं. माझ्या त्या हातात सिगरेट होती आणि शेजारी पेट्रोलचा डबा होता, एवढंच मी कुणाला सांगत नाही.

तर शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात, मी एजन्सीतनं निवृत्त झाल्यावर, एक बाविशीतला गडी माझं घर विचारत आला. अंगावर इस्त्रीचा शर्ट, हातात आंब्याची पिशवी.

"गुंडू मिस्त्री तुमीच न्हवं? मी मलकापूरचा. निसार. दस्तगीर मिस्त्रींचा धाकटा."

मी पिशवी घेतली, पण त्याच्या तोंडाकडं बघायचं टाळलं.

"उद्यापासनं एजन्सीत लागतोय, काका. अब्बा म्हनले, जायच्या आदी गुंडूला गाठ. कामाचं चार शब्द त्योच सांगंल."

"दस्तगीरभाई असं म्हनले? माझं नाव घिऊन?"

"व्हय की."

मला घाम फुटला. तो झाकायला मी सुरू केलं. जर्मन गाडीशी मराठीत बोलायचं नाही, ती रुसते. इंजिनाला कान लावायचा तर डावा, उजव्या कानाला फक्त देशी गाड्या ऐकू येतात. पोरगं हसलं. मला बरं वाटलं. मग त्यानं हसणं थांबवून विचारलं.

"काका, मालकांनी मला घेतलंय, पर एक अट घातलीया. टॉर्क रेंचला हात लावायचा न्हाई, आन खंडेनवमीला कामावर यायचं न्हाई. धुलाईवर ऱ्हायचं. म्हनले, तुज्या बापानं पुजलेलं हत्यार उचललं हुतं. मी घरी जाऊन अब्बांना इचारलं, खरं हाय का. तर म्हनले, गुंडूला इचार. त्यो तितं हुता."

अठरा वर्षं तो माणूस मलकापुरात स्टोव्ह आणि सायकली दुरुस्त करत बसला होता, आणि आपल्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर त्यानं माझ्यासाठी शिल्लक ठेवलं होतं.

मी आंबे खाली ठेवले आणि सांगितलं. तेच आता लिहितो.

अडुसष्ट साल. आमच्या एजन्सीत एक टॉर्क रेंच आला होता, थेट जर्मनीहून, मखमलीच्या पेटीत. तो पाना ठरलेल्या जोरापर्यंत आवळला की 'कट्ट' करतो. मग थांबायचं. चाकाचे नट त्यानंच आवळायचे, आणि आवळून झाले की प्रत्येक नटावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका म्हणजे कट्ट ऐकलं. कुणी काही विचारायचं नाही, ठिपका बघायचा आणि गाडी सोडायची. फोरमन होते दस्तगीरभाई. त्यांच्या हाताखाली आम्ही सहाजण.

खंडेनवमीला सगळी हत्यारं रॉकेलनं धुऊन, पुसून, फळीवर मांडून पुजायची. हळद-कुंकू, झेंडू, नारळ. मांडणी दस्तगीरभाईच करायचे. कुठलं हत्यार कुणाशेजारी बसतं ते त्यांनाच कळायचं, आणि आमचे मालक हंबीरराव दरसाली म्हणायचे, "मिस्त्री, तुमच्यावानी मांडनी भटाला बी जमनार न्हाई." मधोमध तो जर्मन पाना, झेंडूच्या माळेत. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी दसऱ्याची आरती होईपर्यंत फळीवरच्या कशालाही बोट लावायचं नाही.

त्या दिवशी नेसरीच्या आकारामची व्हॅन आत होती. ब्रेकचं काम झालं होतं, पण सामान उशिरा आल्यामुळं पुढचं डावं चाक नुसतं बसवलेलं होतं, नट हातानं फिरवलेले. आकारामला म्हातारी आई घेऊन दसऱ्याला गावी पोचायचं होतं. दस्तगीरभाईंनी सांगितलं, "आकाराम, पाना पूजेत हाय. उद्या आरती झाली की पैलं तुजं चाक. आज गाडी हलनार न्हाई." आणि ते दुपारच्या नमाजाला गेले.

ते गेल्यावर, बाकीचे जेवायला गेले असताना, आकाराम माझ्याकडं आला. आई बायडाबाई बाकड्यावर बसली होती, नवं लुगडं नेसून, मांडीवर सोन्याची म्हणून आपट्याची पानं घेऊन.

"गुंडूबा, तुमच्या मनगटाचं लई ऐकलंय," आकाराम म्हणाला.

बस्स. एवढंच लागतं मला. म्हणालो, "अरं, त्यो पाना काय करतोय? त्यो माज्या मनगटाकडनंच शिकलाय." समोरच्या पंक्चरवाल्या इमामकडनं चाकाचा पाना आणला. त्याचं तोंड झिजलेलं होतं आणि दांडा वाकडा. दोन नट नीट बसले. तिसऱ्यावर पाना घसरायला लागला. चौथ्याला मी म्हातारीला पुराची गोष्ट सांगत होतो. पाचव्याचं मला आठवत नाही. म्हातारी पदर तोंडाला लावून हसत होती, आणि त्या हसण्याच्या भरात मी रंगाची डबी उघडून पाचही नटांवर लाल ठिपके दिले.

ठिपके बघून गेटवरनं गाडी सोडली, आणि गडहिंग्लजच्या अलीकडं चाक निघालं. व्हॅन चरात गेली. आकारामला खरचटलं. बायडाबाईचा उजवा हात मनगटात मोडला. तो नीट बसलाच नाही. त्या हातानं तिला पुन्हा म्हैस पिळता आली नाही.

दसरा झाल्यावर हंबीररावांनी सगळ्यांना उभं केलं. म्हणाले, "नटावर ठिपकं हायत. म्हंजी पाना वापरला. खंडेनवमीला पूजेतला पाना उचलला कुनी?"

आता ऐका. मला एवढंच म्हणायचं होतं, की पाना कुणी उचलला नाही, ठिपके खोटे आहेत, मी दिलेत. नोकरी गेली असती. पण नोकरीचंही एवढं नव्हतं. मनगटाची गोष्ट गेली असती. ते मला सोसवेना. मी म्हणालो, "मालक, देवाशप्पत, मी पुजलेल्या हत्याराला हात लावनारा मानूस न्हवं."

अक्षर न् अक्षर खरं. जन्मभर थापा मारणाऱ्या माणसानं सगळ्यात मोठं पाप केलं ते खरं बोलून.

कारण माझ्यामागं बाकीचे पाचजण तेच बोलले, आणि मग सगळ्यांच्या माना आपोआप एकाच माणसाकडं वळल्या. ज्याची ती पूजा नव्हे, त्याच्याकडं. आणि चाक का निघालं याचंही उत्तर तिथंच सगळ्यांना मिळालं. पुजलेलं हत्यार उचललं, मग दुसरं काय होणार? नट कुणी तपासलेच नाहीत, आकारामलाही कुणी विचारलं नाही.

"मी उचललेला न्हाई," दस्तगीरभाई म्हणाले. "दसऱ्याला सकाळी माळ सोडली तवा कुंकू जसंच्या तसं हुतं."

"ते बगितलं बी तुमीच, पुसलं बी तुमीच न्हवं?" मागनं कुणीतरी म्हणालं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना माझी ठिपका द्यायची तऱ्हा ठाऊक होती. माझा ठिपका नेहमी थेंबासारखा खाली ओघळतो. त्यांनी ते सांगितलं नाही. मी सांगेन म्हणून थांबले असावेत. मी माझ्या चपलेकडं बघत होतो. मग त्यांनी खिशातनं त्या पान्याच्या पेटीची किल्ली काढून मालकांच्या टेबलावर ठेवली, आणि गेले.

निसारनं सगळं ऐकून घेतलं. रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "हे मला सांगून काय उपेग, काका? मालकांना सांगा."

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर एजन्सीत गेलो. हंबीररावांचे केस पिकलेत, आवाज तोच. मी त्यांच्या केबिनीत उभा राहून सगळं सांगितलं. इमामचा वाकडा पाना, म्हातारीचं हसणं, पाच ठिपके. दारात वर्कशॉपमधली पोरं गोळा झाली. मी थांबलो तसे मालक टेबलावर थाप मारून हसले.

"गुंडू, लेका, झ्याक हाय! पर ह्यात जर्मन साहेब कदी यायचा?"

"आन पूर?" एक पोरगं ओरडलं. सगळी हसली. निसार हसला नाही. बादली उचलून धुलाईवर गेला.

साठ वर्षांत माझ्या गोष्टीला कुणी हसलं म्हणून मला रडायला आलं नव्हतं.

मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी वॉचमन म्हणाला, "आजोबा, घरला कोन न्हाई काय?" पोरं मला बघून "आला ठिपका!" म्हणायला लागली. मी गेलो, उभा राहिलो, सांगितलं. सवयीनं जीभ वळवळायची. इमामच्या पान्याला दोन दांडे लावावेत, म्हातारीच्या तोंडी एखादी शिवी घालावी असं वाटायचं. मी दात आवळून जेवढं होतं तेवढंच सांगत होतो. नवव्या दिवशी सांगून वळलो, तर हंबीरराव म्हणाले, "थांब."

पोरांना हाकललं. मला विचारलं, "इमामचा पाना कसला हुता?"

"तोंड झिजल्याला. दांडा वाकडा."

"म्हातारी काय घिऊन बसलीती?"

"आपट्याची पानं."

"नट किती आवळलं?"

"दोन."

मालक खिडकीकडं वळले. "गुंडू, तुजी पुराची गोष्ट मी ईस वर्सं ऐकतोय. दर खेपंला पानी वाढतंय. ही नऊ दिवस झालं, बोटभर बी वाढली न्हाई." मग हळू म्हणाले, "म्हंजी दस्तगीर खरं सांगत हुता. आन मी त्याला बस म्हनून बी म्हनलो न्हाई."

त्यांनी धुलाईवरनं निसारला बोलावलं आणि पेटीची किल्ली त्याच्या हातात दिली. त्यानं घेतली. आभार मानले नाहीत, मानायचं कारणही नव्हतं. जाताना माझ्याजवळ थांबून एवढंच म्हणाला, "आता मलकापूर."

मलकापूरला दस्तगीरभाई दुकानाच्या पायरीवर स्टोव्ह घेऊन बसले होते. दृष्टी कमी झालीय, बर्नर बोटांनी चाचपत होते. मी सांगितलं, मालकांना खरं सांगून आलो. पोरानं किल्ली घेतली. त्यांनी मान हलवली. माफी मागायला मी वाकलो तर त्यांनी हातातला पाना मध्ये आडवा धरला.

"बायडाबाईकडं गेलतास?"

"न्हाई."

"मी दरसाली जातो. म्हातारी हाय अजून. डाव्या हातानं भाकरी थापती. तिला वाटतंय, तिच्याच घाईनं चाक गेलं. देव पुन्ना रागवाय नको म्हनून दसऱ्याला बाहेर पडत न्हाई." त्यांनी बर्नर फुंकला. "माजं काय, मी नुसता बदनाम झालो. तिचा हात गेलाय. आदी तितं जा, मग माज्याकडं ये."

अठरा वर्षांत मला दस्तगीरभाई रोज आठवले. म्हातारी एकदाही आठवली नव्हती. आठवली तर हसणारीच.

तर नव्या मेकॅनिकला माझा सल्ला असा, की कट्ट ऐकल्याशिवाय ठिपका देऊ नये. दुसरा कुठलाच सल्ला माझ्याकडं नाही. डावा कान, उजवा कान, सगळं खोटं.

संध्याकाळी कोल्हापूरच्या स्टँडवर उतरलो. नेसरीची गाडी लागलेली होती. शेजारी बसलेल्या पावण्यानं विचारलं, "कुठं निघालासा?" कुठलीही थाप मारता आली असती, तोंडात तयारही होती.

"एका म्हातारीचा हात मोडलाय मी," म्हणालो. "ते सांगाय चाललोय."