घंटेची जीभ

रुमालाची घडी आत सरकवली तरी घंटेची जीभ कुठेतरी पितळेला लागतच होती — आवाज म्हणावा इतका नाही, झोपेत कुणी दात खाल्ल्यासारखं काहीतरी — आणि तो दाराशी उभा राहून, पिशवी काखेत धरून, ती मुठीएवढी घंटा पुन्हा नीट गुंडाळत होता. रस्त्यात वाजू नये म्हणून. घंटा वाजवत जाणारा म्हातारा पाहिला की लोकांना वाटायचं, काहीतरी विकायला आलाय. आणि काय विकायला, असं कुणी खरोखरच विचारलं तर... तर काय सांगणार होता तो?

आत स्वयंपाकघरात बायको टेबलाशी बसली होती. तिच्यासमोर बशीत लिंबाच्या ओल्या बिया होत्या. दवाखान्यातली औषधं सुरू झाल्यापासून तिच्या तोंडाची चव गेली होती. फक्त लिंबाचं पाणी तेवढं तिला कळायचं. ती बियांकडे बघत होती, आणि तो तिच्याकडे न बघता रुमालाला गाठ मारत होता.

“अहो, ह्या मी मागच्या दारी लावणार आहे.”

“रोप आणू की आपण. बियांचं झाड फळायला वर्षं जातात.”

“ठाऊक आहे मला.”

“मग?”

“मग काय? लावणार आहे.”

“बघू,” तो म्हणाला.

“वाजली घंटा!” ती हसली, हसताना तिला हल्ली टेबलाचा आधार घ्यावा लागायचा. “डॉक्टर म्हणतात बघू, तुम्ही म्हणता बघू. एवढे बघणारे जमलेत, मग लावणार कोण?”

तो पिशवी घेऊन बाहेर पडला. यावरचं उत्तर त्याला रस्त्याच्या वळणावर सुचलं, आणि तेही फारसं चांगलं नव्हतं.

धर्मविद्यालयात तो गेली कित्येक वर्षं बायबलमधल्या संदेष्ट्यांच्या भविष्यवाण्या शिकवत होता. शेवटच्या वर्षाची मुलंमुली, म्हणजे चर्चचे उद्याचे पाळक, सरावाचा उपदेश करायला व्यासपीठावर उभी राहत, बाकीचा वर्ग चर्चची मंडळी होऊन बाकांवर बसे, आणि तो शेवटच्या बाकावर, ही घंटा पुढ्यात ठेवून. नियम एकच होता. संदेष्टा ज्या पडक्या शहरात उभा आहे त्या शहरात आधी उभं राहायचं. राखेत पाय बुडू द्यायचे. जो कोणी त्या आधीच वचनाकडे, पहाटेकडे, सगळं ठीक होणार आहे याकडे धावेल, त्याच्यासाठी टण्ण! पुन्हा सुरुवातीपासून. मुलं आपसात म्हणत, सरांच्या वर्गात यायचं तर देवालासुद्धा घंटेची परवानगी काढावी लागते. हे त्याच्या कानावर आलं होतं, आणि — कबूल करायला हरकत नाही — त्याला ते आवडलंही होतं.

नियम उगाच नव्हता केलेला. वडिलांना पुरलं त्या दिवशी, अजून माती लोटायची होती, पाळकांनी पुनरुत्थानाला हात घातला. आवाज चढलेला, हात वर, जणू खड्ड्यात कुणी नव्हतंच. आईने त्याचा हात घट्ट धरला होता, ती वाकून कानाशी म्हणाली, “यांना लवकर घरी जायचंय वाटतं.” बस्स. बाकी आयुष्यभर तो जे शिकला, जे शिकवलं, जाडजूड पुस्तकांतून जे उतरवून काढलं, ते सगळं त्या एका वाक्याची टीप होती. आशा सांगायची तर सावकाश. आशा सांगायची तर आधी गप्प बसता यायला हवं... आणि आपल्याला गप्प बसता येतं, पण तेवढंच येतं, असा संशय त्याला पूर्वीही आला होता. पण संशय ही अभ्यासू माणसाची जुनी सवय, तिच्याकडे कोण लक्ष देतो.

विद्यालयाच्या पायऱ्या चढताना त्याने कठडा धरला. वर प्राचार्य उभे होते. एकेकाळचे त्याचेच विद्यार्थी, त्यामुळे अजून जरासे वाकून बोलत.

“सर, आज एक्सप्रेस.”

“हो.”

“तिसरी खेप आहे. आज नाही झालं तर तिला घरी परत जावं लागेल, नियमच आहे तसा. तिकडे डोंगरातली ती मंडळी केव्हाची पाळकाची वाट बघतेय, तीही थांबायची नाही. तासानंतर मला हो की नाही एवढंच सांगा.” मग हसून, “निबंध नको, सर.”

एक्सप्रेस हे तिला वर्गाने दिलेलं नाव. मधली स्टेशनं न घेता थेट शेवटच्या स्टेशनावर जाऊन थांबणारी. पहिल्या खेपेला तिने विध्वंस एका वाक्यात उरकला होता. दुसऱ्या खेपेला दोन. घंटा वाजली की ती दचकायची, कानाची पाळी ओढायची, आणि पुन्हा तसंच धावायची. तिच्या अंगात ते होतं, काही माणसांना उन्हाकडे तोंड करून बसायची सवय असते तसं. त्याला ती आवडत नव्हती असं नाही. त्याला तिची भीती वाटायची. ती जे सांगायची ते तिला खरंच दिसत असायचं.

आजचा उतारा तिनेच निवडला होता. बंदिवासातून परतलेली मूठभर माणसं, पडलेल्या भिंती, जळालेली दारं. आणि संदेष्टा त्यांना सांगतो की याच रस्त्यांवर पुन्हा म्हातारे आणि म्हाताऱ्या बसतील, वय झालं म्हणून ज्याच्या त्याच्या हातात काठी असेल, आणि त्यांच्यापुढे मुलंमुली खेळतील. इतकंच. सिंहासन नाही, तुतारी नाही, आकाश फाटणं नाही. म्हातारपण — हेच वचन. तरुणपणी त्याला हा उतारा किरकोळ वाटायचा. संदेष्ट्याला ऐन वेळी काही मोठं सुचलं नसावं, असं तो वर्गात म्हणायचा, आणि वर्ग हसायचा.

त्याने रुमाल सोडला, घंटा बाकावर ठेवली, बोट तिच्या मुठीवर. एक्सप्रेस व्यासपीठावर आली. तिने आधी घंटेकडे पाहिलं, मग समोर.

“ही माणसं घरी आली आहेत,” ती म्हणाली, “पण घर नाही.”

मग ती थांबली. बाकांवर कुणीतरी मागे वळून त्याच्याकडे बघितलं.

ती सावकाश बोलत होती. चुली होत्या तिथे आता गवत आहे, म्हणाली. गवत कुणी लावलेलं नाही, त्यामुळे त्याच्याकडे बघून बरंही वाटत नाही. गल्लीत आवाज नाही. म्हातारे नाहीत, कारण म्हातारे परतीच्या वाटेवर टिकले नाहीत. लहान मुलं नाहीत, कारण मूल जन्माला घालायला धीर लागतो, आणि धीर कुणी बरोबर आणलेला नाही... तिचा आवाज कोरडा होता. तिने एकही हात वर केला नाही. दगडावरून दगडावर पाय ठेवावा तशी ती पुढे जात होती, आणि तो शेवटच्या बाकावर बसून ऐकत होता आणि त्याला कळत होतं की हे उत्तम आहे, इतक्या वर्षांत कुणी त्या शहरात असं उभं राहिलं नव्हतं, तो स्वतःसुद्धा नाही. आता, त्याला वाटलं. आता म्हण. आता तुला हक्क आहे.

“एक माणूस दाराच्या जागेत उभा राहतो,” ती म्हणाली. “दार नाहीच. तो रस्त्याकडे बघतो. रस्ता रिकामा आहे.”

तिने पुन्हा घंटेकडे पाहिलं.

“आमेन.”

खिडकीची एक झडप वाऱ्याने किंचित आपटत राहिली. आणि त्याच्या लक्षात आलं की तो बाकावर पुढे सरकून बसला आहे, मान ताणून, दवाखान्याच्या बाकावर बसतात तसा, आतलं दार उघडलं की कुणाचं नाव पुकारतात ते ऐकायला... त्या दारातून गेल्या आठवड्यात डॉक्टर बाहेर आले होते आणि म्हणाले होते, बघू या. त्याने मान डोलावली होती. तज्ज्ञाने तज्ज्ञापुढे डोलवावी तशी. शेजारी बायको बसली होती, पर्स मांडीवर घेऊन, आणि दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होती. काय शोधत होती ती? एखादी काठी, एखादा ओटा, मुलांचा गलका — काय मोठं मागत होती? आणि मी तिला काय दिलं? अचूकपणा.

“सर?” एक्सप्रेस विचारत होती. “बरोबर होतं?”

“बरोबर.” तो म्हणाला. “पण पुढची ओळ राहिली.”

“मुद्दामच ठेवली, सर. म्हटलं, तिथे गेले की वाजणार.” पुढच्या बाकांवर दबकं हसू फुटलं. ती मात्र हसली नाही. “आणि आता म्हणावीशीही वाटत नाही. आधी मला ते म्हातारे नुसते दिसायचे. आता रस्ताच दिसतो.”

त्याने खिशातला रुमाल शोधला. तो बाकावरच होता. त्यानेच नाक पुसलं, तोंड पुसलं. एखाद्याला सगळं नीट शिकवून झाल्यावर काय करून ठेवलंय ते असं उजेडात दिसावं — आणि ती डोंगरात जाणार, तिथे कुणाच्या तरी उशाशी बसणार, आणि वेळ आली की तिच्या कानात ही घंटा...

“म्हण,” तो म्हणाला.

“वेळ संपली, सर.”

“घंटा माझ्याकडे आहे. म्हण.”

वर्गात चुळबुळ झाली. शिक्षकाने स्वतःला ऐकायचं म्हणून विद्यार्थ्याच्या तोंडातून वदवून घेऊ नये, ही साधी गोष्ट त्याला ठाऊक होती. हे शिकवणं नव्हतं. ही भीक होती. तरी त्याने शब्द मागे घेतला नाही.

ती कानाची पाळी ओढत उभी राहिली. मग एकदम, एका दमात, नेहमीसारखं धावत सुटली — “आणि या रस्त्यांवर पुन्हा म्हातारे बसतील आणि म्हाताऱ्या बसतील आणि ते बसलेत तरी मुलं त्यांच्या अंगावरून उड्या मारतील आणि कुणीतरी ओरडेल, अरे हळू, आजीची काठी!” — हे शेवटचं उताऱ्यात नव्हतं, ते तिचं होतं — आणि त्याचा हात, इतक्या वर्षांचा शहाणा हात, आपणहून उचलला गेला, घंटा निम्म्यात वर आली, आणि त्याने दुसऱ्या हाताची दोन बोटं आत घालून जीभ पकडली. गार होती.

घंटा वाजली नाही. एक्सप्रेस थांबून बघत राहिली, वाजली नाही हे खरं का म्हणून.

बाहेर प्राचार्यांनी भुवया उंचावल्या.

“हो,” तो म्हणाला.

“सुधारली ना? मी म्हटलंच होतं.”

हो कशाला म्हटलं — रिकाम्या रस्त्याला, की नंतरच्या त्या धावपळीला — हे त्याला सांगता आलं नसतं. निबंध मागितला असता तरी नाही.

घरी जाताना पाय जड होते. हा थकवा आजचा नव्हता. तो कुठून सुरू झाला ते शोधायचा त्याने पूर्वी प्रयत्न केला होता, आता तेवढीही ताकद नव्हती. काही बदललं होतं का? बायकोचा रिपोर्ट तोच होता. संदेष्ट्यावर आपला विश्वास आहे की नुसता अभ्यास, हेही तिथेच होतं, जिथे काल होतं. वळणावर एका बाईने त्याच्याकडे वळून पाहिलं तेव्हा त्याला कळलं की खिशात घंटा वाजतेय. रुमाल वर्गातच राहिला होता. पावलागणिक, बारीक. त्याने हात खिशात घातला आणि तसाच ठेवला, धरलं काहीच नाही.

मागच्या दारी ऊन कुठे येतं? सकाळचं पायरीपाशी येतं, पण तिथे पाणी साचतं. कोपऱ्यात बरं, पण शेजारच्यांच्या भिंतीची सावली पडते दुपारपर्यंत. अर्थात झाड मोठं झालं की भिंतीच्या वर जाईलच, मग सावलीचा प्रश्न —

मोठं झालं की.

तो रस्त्यात उभा राहिला, सवयीने, टण्ण ऐकायची वाट बघत. पाऊल थांबलं तशी घंटाही थांबली होती. कुठून काही वाजलं नाही. थोड्या वेळाने तो चालू लागला, आणि ती पुन्हा वाजू लागली. पण ती नुसती चालण्याबरोबर वाजत होती, काहीच अडवत नव्हती, आणि ती अशी वाजू शकते हे त्याला आधी कधी ऐकू आलं नव्हतं.