वरवर कोरडा

मी जमिनीखालून बोलतोय. माझ्या डोक्यावर इतर ड्रमांचे थर आहेत, त्यांवर माती आहे आणि त्या मातीवरून यंत्रं फिरत असतात. मी पत्र्याचा एक जुना ड्रम.

जन्मलो तेव्हा सपाट पत्रा होतो. वाकवून, कडा जुळवून, तळ बसवून मला आकार दिला गेला. साबणाच्या कारखान्यात ग्लिसरीन वाहण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. पुढे रंगाच्या कारखान्याने मला विकत घेतलं. तिथे बराच काळ मी रिकामाच होतो. कामगार माझ्यावर जेवणाचे डबे उघडत, पत्ते कुटत. माणसांना रिकाम्या वस्तूंशी फार चांगलं वागता येतं, असं माझं निरीक्षण आहे.

मग रंगाची भांडी धुतल्यावर उरलेला विषारी द्रव माझ्यात ओतला गेला. असा द्रव तसाच पुरायचा नाही, असा नियम आहे. आधी त्याला घट्ट करायचं, आणि तेही न कुजणाऱ्या पदार्थाने. नाहीतर वरचं ओझं वाढलं की तो पुन्हा पिळून निघतो. त्यासाठी खास चिकणमाती येत असे. ती संपत आली होती. भांडार सांभाळणाऱ्या काकांनी शेजारच्या सुतारखान्यातून लाकडाचा भुसा आणवला. "आपल्याला शोषण्याशी मतलब," ते म्हणाले.

पुरण्याच्या जागेच्या फाटकावर एक तपासनीस बाई असत. कागदी गाळणीत नमुना ठेवून खाली थेंब पडतो का, हे त्या पाहत. त्यांच्या पाठीमागे चालक त्यांना थेंबबाई म्हणत.

"ताई, सोडा की. चहा गार होतोय माझा," मला आणणारा चालक म्हणाला.

"होऊ दे. गाळणी बोलल्याशिवाय मी बोलत नाही."

थेंब पडला नाही. तरीही बाईंनी नमुना बोटांत चुरडला. "हा भुसा आहे. आज कोरडा दिसतोय, उद्या कुजेल. परत ने."

"थेंब नाही, तरी नापास?"

"तुझं घर या टेकडीच्या पायथ्याशी ना? पाणी कुठलं पिता?"

"विहिरीचं," तो म्हणाला आणि निमूटपणे माझी दोरी आवळू लागला.

कारखान्यात काकांनी कपाळाला हात लावला. मला रिकामं करून नव्याने भरायला हवं होतं. त्यांनी उरलीसुरली चिकणमाती भुशावर वीतभर पसरली आणि झाकण लावलं.

"काका, नीट केलंय ना? पोरंबाळं आहेत खाली," चालक म्हणाला.

"अरे, उघडून बघ! खडखडीत कोरडा."

त्याने उघडून पाहिलं. वरची माती कोरडीच होती. त्याने समाधानाने माझ्या अंगावर थाप मारली. मला ओरडता आलं नाही.

बाई त्या आठवड्यात रजेवर होत्या. बदली माणसाने नमुना तळापासून घ्यायला हवा होता. त्याने वरचीच माती चमचाभर उचलली. गाळणी कोरडी राहिली. मला पुरलं.

बाई रजेवरून परतल्या, परत पाठवलेला ड्रम पुरल्याची नोंद त्यांनी पाहिली आणि त्या थेट खड्ड्याच्या काठावर आल्या. चालकालाही त्यांनी बोलावून घेतलं होतं. तेव्हा माझ्यावर मातीचा थर पातळ होता. आवाज पोहोचत होते.

"वर माती होती म्हणतोस. आणि खाली?"

"काका म्हणाले, नीट केलंय."

"तू पाहिलंस?"

"फक्त वरचं," तो पुटपुटला. मग म्हणाला, "उकरून काढा ना, ताई."

"परवानगी मागितली. वरिष्ठ म्हणतात, चाचणीत पास झालेला ड्रम कशाला उकरायचा?"

"मग मी घरी काय सांगू?"

"विहिरीचं पाणी पिऊ नका, एवढं सांग."

"किती दिवस?"

बाईंची पावलं दूर जाताना ऐकू आली. नेमकं बोलणाऱ्या माणसाला जे ठाऊक नसतं, त्याबद्दल त्याला गप्पच बसावं लागतं.

त्यानंतर माझ्यावर आणखी थर चढले. भुसा कुजला. द्रव सुटून तळाशी साचला आहे. खड्ड्याला प्लॅस्टिकचं जाड अस्तर आहे, हे मला माहीत आहे; पण तेही तुकडे जोडूनच केलेलं आहे, आणि जोडावर किती भरवसा ठेवायचा, हे माझ्याइतकं कोणाला कळणार?

मला बाहेर काढा. नंतर खुशाल चेपा, वितळवा. माझी तक्रार नाही. पत्रा आतून गंजत आला आहे. मी सारं धरून ठेवतोय, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण पत्र्याला धरून ठेवता येत नाही. तो नुसता टिकतो, आणि मग टिकत नाही.