भुरीची बाटली

मी इन्सुलिनची बाटली बोलतेय. बावीस दिवस बोलत होते, कोणाला खरं वाटलं नाही. माणसं बाटलीवरचं लेबल वाचतात. आत काय झालंय, ते कोणी पाहत नाही.

एप्रिलमध्ये मी वलगावला जयवंताबाईच्या फ्रिजच्या दारात राहायला आले, अंड्यांच्या शेजारी. चिठ्ठीवर नाव भुरीचं. भुरी म्हणजे बाईची नऊ वर्षांची मांजर. ती बादलीत तोंड घालून पाणी प्यायला लागली, खाऊन खाऊन वाळायला लागली, तेव्हा बाई म्हणाली, "इले शुगर हाय."

नवरा किसनराव वांग्यांना पाणी द्यायचं तसंच सोडून हसायला आला. "मांजरीले कुठी शुगर रायते का वं? उद्या म्हनशीन, कोंबडीले बीपी हाय!"

बाई चौथी शिकलेली, पण कोणाचं ऐकून घेणारी नव्हे. मांजर टोपलीत घातली आणि अमरावती गाठली. डॉक्टर माधवी मॅडमनी कानाला बारीकशी सुई टोचली. शुगर चारशे वीस! किसनरावाचं हसू मात्र थांबलं नाही.

तेव्हापासून सकाळी सात, संध्याकाळी सात. आधी भुरीच्या ताटलीत उकडलेली कोंबडी, तिनं खाल्ली की मग मी. बाई मला दोन्ही तळहातांत हळू घोळवायची, कधी खळखळ हलवलं नाही. लाल टोपणाची सुई, तिच्यावरच्या दुसऱ्या रेघेपर्यंत औषध, मानेवरची कातडी चिमटीत. "घे माय, झालं." तीन आठवड्यांत भुरी कूलरवर उडी मारायला लागली. मला गर्व झाला, खोटं कशाला बोलू?

मग आलं अकोल्याचं लग्न, बाईच्या भाचीचं. सुई दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायची नाही, म्हणून भुरीही निघाली, मीही निघाले. ऊन पंचेचाळीस.

सून साधना म्हणाली, "आई, बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून न्या. मॅडमनं तसंच सांगतलं होतं."

"तुले काय समजते? बसमध्ये उकळून जाईन थे."

आणि बाईनं मला डब्यात घातलं, बर्फाच्या दोन पिशव्यांच्या मधोमध दाबून. बडनेऱ्याला मी कुडकुडले. मूर्तिजापूरला माझा दगड झाला. अकोल्यात डबा उघडून बाई भावजयीला कौतुकानं दाखवते, "पाय, कशी थंडगार रायली!" मग तळहातांत घोळवून घोळवून तिनं मला पुन्हा दुधासारखं पातळ केलं. दिसायला मी तीच, पण आतून मेलेली. मी ओरडत होते, "अगं, आता मला टोचू नको, नवी आण!" ऐकतं कोण?

भुरीची शुगर पुन्हा चढली. तीनशे. मग चारशे दहा.

किसनराव म्हणाला, "इले रेघाच दिसत नाईत. मांजरीले हवा टोचून राह्यली!"

मॅडमही फोनवर म्हणाल्या, "काकू, सुई कातडीखाली नीट जाते ना? एखादी वेळ चुकते का?"

"दोन्ही टाइम देली म्या! मी काहून खोटं बोलू?" बाई खरं सांगत होती. मी साक्षीला होते, पण माझी साक्ष कोण काढतो? मॅडमनी एक रेघ वाढवली, मग अजून एक. मेलेल्या औषधाच्या दोन रेघा काय आणि चार काय!

बाईचा राग मग सुनेवर निघाला. "तूच लपून दूध पाजून राह्यली तिले!" त्या दिवसापासून भुरी स्वयंपाकघरात आली, की साधना आपलं ताट उचलून बाहेर जाऊन बसायची. तेरा दिवस सासूसून बोलल्या नाहीत. भुरी मागच्या पायांच्या टाचा टेकवत चालू लागली. अकोल्यानंतर बाविसाव्या दिवशी तिनं कोंबडीकडे पाहिलंसुद्धा नाही. बादलीच्या काठावर मान टाकून पडली.

दवाखान्यात तिला सलाईन लावलं. मॅडमनी मला खिडकीच्या उजेडात धरलं. काचेला आतून रव्यासारखे पांढरे कण चिकटले होते. "काकू, ही गोठली होती. बर्फात ठेवली होती का कुठे?"

"अकोल्याले नेतानी, डब्यात," बाई म्हणाली. बावीस दिवसांत पहिल्यांदा माझं कोणी ऐकलं.

आता मी स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे, मिठाच्या बरणीजवळ. बाईनं मला फेकलं नाही. सारखी डोळ्यांसमोर ठेवते. वाचणाऱ्यांनो, उन्हाची भीती वाटली तर आम्हाला ओलं फडकं गुंडाळा, पण अंगाला बर्फ लावू नका. आणि एकदा गोठलेली बाटली पुन्हा पातळ झाली, तरी तिच्या रूपाला भुलू नका.

मी खिडकीत आले त्या दिवसाचं सांगते आणि थांबते. पाच दिवसांनी भुरी घरी आली. हाडं मोजून घ्यावीत अशी, पण ताटली चाटत होती. मागचे पाय सुधारतील की नाही, ते मॅडमनाही सांगता येईना. साधना दारात मेथी निवडत होती.

किसनराव ओट्यावरून म्हणाला, "मंग? कोनं मराले टेकवली भुरीले? सुनेनंच ना?"

साधनाचे हात थांबले. बाईनं नवी बाटली फ्रिजच्या दारात ठेवली, मला खिडकीत ठेवलं. मग सुनेसमोर खाली बसली, तिच्या पुढ्यातली अर्धी जुडी आपल्याकडे ओढली.

"तिनं नाई," ती म्हणाली. "तिनं सांगतलं होतं. ऐकलं नाई थे जयवंतानं."