काचेमागची सतरंजी

मित्रांनो, मनीषनगरच्या शांती केंद्रात कधी आलात, तर समोरच्या भिंतीवर काचेमागे लाल-निळ्या पट्ट्यांची एक सतरंजी दिसेल. ती मी. माझ्याखाली पाटी आहे, 'कृपया हात लावू नये.' माणसांनी बसावं म्हणून जन्मलेल्या मला ती पाटी फार टोचते.

गांधीबागेमागच्या एका गल्लीत रुपराव नावाचे विणकर राहतात. त्यांच्या हातमागावरून उतरलेली शेवटची वस्तू मी. माग बंद पडला, रुपराव कापडाच्या दुकानात कामाला लागले, पण मला त्यांनी विकलं नाही. गल्लीत भांडण पेटलं की मला काखेत मारून निघायचे आणि भांडणाऱ्यांच्या मधोमध अंथरायचे.

"पहिले बसा," ते म्हणायचे. "उभा माणूस भांडते. बसला का बोलते."

त्यांचा आणखी एक नियम होता. आधी समोरच्याचं दुःख आपल्या तोंडाने सांगायचं. त्याने 'हो, असंच आहे' म्हटलं, तरच आपलं गाऱ्हाणं मांडायचं.

एकदा मनोहरराव आणि शेजारच्या जयवंताबाई नालीवरून हातघाईवर आले होते. मनोहरराव घुश्शातच माझ्यावर बसले. "माझ्या नालीचं पाणी हिच्या घरात शिरते," ते म्हणाले. "हिची सून लेकराले मांडीवर घेऊन पलंगावर बसून राहते..." पुढे स्वतःचं काय मांडायचं होतं, ते त्यांना सुचेचना. दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन त्यांनीच नाली वळवली.

"दोन देशांचंबी असंच असते गा," रुपराव म्हणायचे. "जगाची शांती काही वरून पडत नाही. ज्याच्याशी पटत नाही, त्याच्या जवळ जाऊन बसा लागते."

हे सगळ्यात मन लावून ऐकायचा तो जितेंद्र, त्याच गल्लीतला कॉलेजात जाणारा मुलगा. त्याचा मोठा भाऊ त्याच्याशी कित्येक वर्षं बोलत नव्हता. रुपरावांनी दोघांना माझ्यावर बसवलं. त्या दिवशी जितेंद्र भावाच्या गळ्यात पडून इतका रडला, की माझी एक कड ओली झाली. मित्रांनो, तेव्हापासून मी त्याला आपला मानत आले.

पुढे जितेंद्र विश्वशांतीवर भाषणं देऊ लागला. त्याचं नाव झालं, मनीषनगरात केंद्र उभं राहिलं. रुपरावांनी मला दोन्ही हातांनी त्याच्या स्वाधीन केलं. "हिले रोज अंथरजो, जितू."

"काका, हिची घडी कधी पडू देणार नाही," तो म्हणाला.

खरंच, घडी पडली नाही. आधी खुर्च्या आल्या, मग मी भिंतीवर गेले, मग माझ्यावर काच बसली.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी रुपराव धापा टाकत केंद्रात आले. मिरवणुकीच्या रस्त्यावरून गल्लीतल्या पोरांचे दोन गट पडले होते आणि दोन्हीकडे दगड जमा होत होते.

"जितू, सतरंजी दे गा. अन् तूबी चाल."

"काका, उद्या बाहेरदेशचे पाहुणे येऊन राहिले. ही काढली तर भिंत रिकामी दिसेल."

"मंग राहू दे हिले. तू तं चाल! दोन्हीकडची पोरं तुयं ऐकतात."

"उद्याचं भाषण तयार करायचं आहे, काका. तुम्ही जा ना, तुमचं सगळेच ऐकतात."

रुपराव तसेच रिकाम्या हाती जिना उतरले. मी काचेमागे होते. मला कोण उतरवणार?

दुसऱ्या दिवशी सभागृह गच्च भरलं. "माझे गुरू एक साधे विणकर," असं म्हणत जितेंद्रने माझ्याकडे हात केला. टाळ्या थांबेनात. पाहुण्यांनी डोळे पुसले. तेवढ्यात जयवंताबाई दारातून आत आल्या आणि सरळ त्याच्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"रुपरावभाऊ दवाखान्यात आहेत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दोन्हीकडच्या पोरांच्या मधात जमिनीवर एकटेच बसले होते. डोक्यात दगड लागला."

जितेंद्रचा चेहरा उतरला. "शुद्धीवर आहेत ना? माझ्याबद्दल काही म्हणाले?"

"म्हणाले ना. डोळे उघडले अन् पहिले इचारलं, जितूचं भाषण बरोबर झालं का?" जयवंताबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "काहून गेला नाहीस गा त्याईच्या संगं?"

जितेंद्रने दाराकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा धावत सुटेल. पण कोणीतरी फोटोसाठी हाक मारली. त्याने रुमालाने तोंड पुसलं आणि तो पाहुण्यांच्या मधे, माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. जयवंताबाई एकट्याच परत गेल्या.

मित्रांनो, माझी काळजी घ्या, असं मी म्हणणार नाही. मला कसर लागू नये म्हणून इथे औषधाच्या गोळ्या ठेवतात, काच रोज पुसतात. मागणं एवढंच आहे. तुमच्या गल्लीत भांडण पेटलं आणि कोणी मधे बसायला निघालं, तर त्याची गोष्ट नंतर सांगा. आधी त्याच्यासोबत जा.