बंडूच्या चाळीस फायली

रायपूरच्या भनपुरी भागातल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीचं सॉफ्टवेअर शेखरनं चौदा वर्षांपूर्वी बांधलं होतं. ते मोडायचं कामही त्याच्याचकडे आलं.

मालक भार्गवनं त्याला केबिनमध्ये बोलावून थोडक्यात सांगितलं. "शेखर, वाईट वाटून घेऊ नको. पण मागच्या महिन्यात लाइट गेली न, तर सर्व्हर परत उभा व्हायले बावीस मिनिटं लागली. गेटवर एकतीस ट्रक. ड्रायव्हर लोकं हॉर्न वाजवून राहिले होते अन् गेटवरचा मुन्शी मले फोनवर शिव्या देऊन राहिला होता."

"हव," शेखर म्हणाला.

"अनुश्री नवीन बनवेल. तू फक्त तिच्याजवळ बस. आतमध्ये काय काय आहे, ते तुलेच माहीत आहे."

शेखरला वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं, असं मात्र त्याच्या मनात येऊन गेलं. मग तो जागेवर आला आणि पाण्याची बाटली भरून आणली.

खरं तर काम साधं होतं. ट्रक येतो, त्यात सळ्या किंवा पत्रे चढतात, वजन होतं, बिल्टी म्हणजे मालाची पावती निघते, ट्रक सुटतो. पण शेखरनं ते बांधलं तेव्हा जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत मोठं काम म्हणजे मोठा पसारा, असंच सगळे मानत. त्यानंही अवजड अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर घेतला, थरावर थर चढवले, प्रत्येक थराला वेगळी सेटिंगची फाइल दिली. एक बिल्टी छापायची तर ती चौदा ठिकाणांहून फिरून यायची. तिच्यावर ड्रायव्हरचा मोबाइल नंबर वाढवायचा झाला, तर अकरा फायली बदलाव्या लागायच्या. त्या काळी रायपूरमध्ये एवढं मोठं काम कोणी केलं नव्हतं, असं लोक म्हणायचे. शेखरला ते ऐकायला आवडायचं.

अनुश्री सव्वीस वर्षांची होती. घरी मराठी बोलायचे, पण ती उत्तर हिंदीत द्यायची. रोज सकाळी ती शेखरच्या शेजारी खुर्ची ओढून बसायची आणि एकेक भाग उघडून विचारायची.

"सर, ये वाला क्या करता है?"

"हा खालच्या थराले हाक मारते."

"और नीचे वाला?"

"तो त्याच्या खालच्याले."

"मतलब बीच में कुछ होता नहीं?"

"नाही. काढ."

ती काढायची. असे नऊ आठवडे गेले. काढ, हेही काढ, हे राहू दे, नाही, काढ. शेखरला या शब्दाची सवय झाली. डबा उघडायचा, भाजी कोणती आहे हे न बघता खायची, परत येऊन बसायचं. घरी बायकोनं विचारलं, ऑफिसात काय चाललंय, तर तो म्हणाला, "काही नाही, सफाई सुरू आहे."

नवीन सॉफ्टवेअरमध्ये साधे जावा क्लास, म्हणजे कोडचे सुटसुटीत तुकडे, होते. सर्व्हर वेगळा लावायची गरज नव्हती, तो प्रोग्रामच्या आतच होता. एकच फाइल कॉपी करायची आणि सुरू करायची. पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा अनुश्रीनं घड्याळाकडे बोट दाखवलं. आठ सेकंद. शेखरनं मान हलवली.

दहाव्या आठवड्यात एका सकाळी ती आली ती बसलीच नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "सर, एक चीज़ दिखाऊँ?"

जुन्या कोडचा सगळा इतिहास सर्व्हरवर साठवलेला होता. कोणी केव्हा काय लिहिलं, काय खोडलं, सगळं. तो चाळताना तिला एक वेगळा फोल्डर सापडला होता. २०१२ सालचा, एकाच माणसाच्या नावावर. त्यात फक्त चाळीस फायली होत्या. बिल्टी, ट्रक, वजन, पार्टी म्हणजे गिऱ्हाईक. ना थर, ना सेटिंगचा ढीग. अनुश्रीनं त्या उघडून आपल्या कामाशेजारी ठेवल्या. पार्टीचा हिशेब आणि दोन-तीन बारीक गोष्टी सोडल्या, तर दोन्ही कामं जवळजवळ सारखीच होती.

"मैंने दस हफ़्ते में यही बनाया है, सर. ये तो पहले से था. ये बंडू मोहरील कौन हैं?"

"होता," शेखर म्हणाला. "माझ्यासोबत होता. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला."

"तो ये यूज़ क्यों नहीं किया?"

शेखरला ती मीटिंग आठवली. सात-आठ जण टेबलाभोवती. बंडू लॅपटॉप घेऊन उभा होता, म्हणत होता की आपण उगाच वजन वाहून राहिलो, हे बघा, याच्यात सगळं होते. शेखरनं पडद्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "बंडू, हे खेळणं आहे. कंपनी आपल्याले खेळणं बनवाले पैसे देत नाही." सगळे हसले. बंडूही थोडा हसला. त्यानं लॅपटॉप मिटला आणि पुढची नऊ वर्षं शेखरचे थर सांभाळले. एकदाही त्यानं तो विषय परत काढला नाही.

"मीच 'नाही' म्हटलं होतं," शेखर अनुश्रीला म्हणाला.

ती खुर्चीत बसली. हळूच म्हणाली, "ठीक है सर. आगे देखें?"

"देख."

पंधरा दिवसांनी भनपुरीला नवीन सॉफ्टवेअर सुरू झालं. मुन्शीनं पहिली बिल्टी काढली, कागदाकडे पाहिलं आणि दुसऱ्या ट्रकला हात केला. दुपारी लाइट गेली आणि आली. मुन्शी तोवर पान लावत होता, सॉफ्टवेअर बंद पडून परत उभं झालं हे त्याला कळलंही नाही. भार्गवनं सगळ्यांसमोर अनुश्रीची पाठ थोपटली. शेखर तेव्हा म्हणाला, "हे मूळचं बंडूचं आहे. बारा वर्षांपूर्वी त्यानं दाखवलं होतं अन् मी ते पाडलं." भार्गव म्हणाला, "अरे, जाऊ दे आता," आणि सगळे जेवायला गेले.

त्या संध्याकाळी शेखर तात्यापाऱ्यात बंडूच्या घरी गेला. बंडू गेल्यानंतर तो तिथे दोनदाच आला होता. दोन्ही वेळा दारातून परतला होता.

बंडूच्या पत्नी वनमालावहिनी पोळ्या लाटत होत्या. त्यांनी त्याला आतच, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं.

शेखरनं सगळं सांगितलं. सापडलेला फोल्डर, मीटिंग, खेळणं म्हटलं तेही. सांगताना आवाज हलेल असं त्याला वाटलं होतं. तो हलला नाही. दुसऱ्याच कोणाची गोष्ट सांगावी तसं त्यानं सांगून टाकलं.

वनमालावहिनींनी पोळी उलटली. "मले त्यातलं काही समजत नाही, भाऊजी. पण एक सांगा, त्या चाळीस फायली तुम्ही तेव्हा वाचल्या होत्या का?"

"नाही, वहिनी."

"एकही नाही?"

"एकही नाही."

त्यांनी गॅस बारीक केला. "तेव्हा ते घरी येऊन काही बोलले नव्हते. आठ दिवस मात्र सकाळीच उठून एकटे फिरायले जात. मी विचारलं, काहून? तर म्हणे, पोट सुटून राहिलं." त्या थांबल्या. "मले वाटलं, खरंच पोटाचं असेल. मीही नाही विचारलं परत."

"माझं चुकलं," शेखर म्हणाला.

"हव. चुकलं." वनमालावहिनींनी तव्यावरची पोळी काढली. "हे त्यायले सांगाले पाहिजे होतं. मले सांगून मी काय करू?"

त्या रागावलेल्या दिसल्या नाहीत. एकेक पोळी होत गेली.

तेवढ्यात बंडूची मुलगी श्रावणी ट्यूशनवरून आली. अकरावीत होती. चप्पल काढता काढता तिनं शेवटचं काहीतरी ऐकलं असावं. ती दारातच थांबली.

"अंकल, पापा एक्ज़ैक्टली क्या बनाते थे? मम्मी को पूछो तो बोलती है, कंप्यूटर का काम."

शेखरनं विचार केला. चौदा वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारला असता, तर त्यानं फळ्यावर चौकोन काढले असते, बाण काढले असते.

"ट्रक येतो," तो म्हणाला. "माल चढतो. त्याचा कागद निघतो. तो कागद लवकर निघावा, असं तुझ्या बाबानं बनवलं."

"बस?"

"बस."

"अच्छा." तिनं दप्तर खुर्चीवर ठेवलं. "वो चलता है अभी?"

"आजपासून चालून राहिलं."

ती हात धुवायला आत गेली. नळाचा आवाज येत राहिला. शेखर उठायला लागला, तर वनमालावहिनींनी त्याच्यासमोर ताट ठेवलं.

"जेवून जा," त्या म्हणाल्या. "वांग्याची भाजी आहे."

तो परत बसला. पहिला घास घेतल्यावर त्याच्या लक्षात आलं की भाजीत मीठ थोडं जास्त पडलंय. तो जेवत राहिला.