टेलरमास्तरांचा रक्तदाब

टेलरमास्तरांचा रक्तदाब घरी अगदी गुणी पोरासारखा वागायचा आणि दवाखान्याची पायरी चढला की चेकाळायचा. त्यापायी मोतीबिंदूचं ऑपरेशन दोनदा पुढे गेलं होतं. दोन महिने सून सुईत दोरा ओवून देत होती आणि गिऱ्हाइकं एकेक करून दुसरीकडे वळत होती. आज तिसरी खेप. आजही आकडा उतरला नाही, तर पुढची तारीख थेट दीड महिन्यानंतर. तोवर दुकान राहतंय कशाला!

"बाबा, शांत बसा," सून म्हणाली.

"शांतच बसलोय!" मास्तर खेकसले. आकडा आला एकशे ऐंशी.

"थोड्या वेळाने परत बघू," म्हणत सिस्टर शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्या मावशींकडे वळल्या. "मावशी, बाही वर करा."

बाही कोपराच्या वर सरकेचना. सिस्टरनी दोनदा ओढून पाहिली, तशा मावशी रडायलाच लागल्या. "राहू दे ग बाई. मला नाही करायचं ऑपरेशन. मी आपली घरी जाते."

मास्तरांना त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता, पण रडणं तर ऐकू येत होतं ना! त्यांनी बाही चाचपली आणि त्यांचं डोकंच फिरलं. "कुठल्या गाढवाने शिवलीय ही? दंडाला सूतभरसुद्धा सैल नाही! ताई, रडू नका. चूक त्या शहाण्याची आहे."

खिशातली छोटी कातर काढून, बोटांनीच शिवण शोधत, त्यांनी टाका न् टाका उसवला. तरी मावशी घरी जायला उठू लागल्या. मास्तरांना फार वाईट वाटलं. त्यांनी मावशींचा हात धरला.

"बरोबर कोण आलंय?"

"कोणी नाही हो. मुलगी परगावी. कळवलंच नाही, उगाच तिच्या जिवाला घोर."

"मग मी आहे की! तुमचं आटपेपर्यंत इथून हलत नाही. अहो, घाबरायचं काय? मी माझ्या स्वतःच्या लग्नातल्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या होत्या. तसाच उभा राहिलो!"

मावशी रडता रडता हसल्या. मास्तरांच्या दुसऱ्या दंडावर पट्टा कधी चढला, त्यांना कळलंही नाही.

"एकशे बत्तीस!" सिस्टर ओरडल्या. "मास्तर, उठा! परत चढायच्या आत चला."

"आधी ताई जातील."

सुनेने कपाळावर हात मारला. "बाबा, अहो, पुन्हा चढलं तर?"

मास्तरांनाही दुकान आठवलं. पण मावशींनी त्यांचा हात अजून सोडला नव्हता. "शब्द दिलाय मी," ते म्हणाले.

सिस्टरनी मावशींचाही रक्तदाब बघितला आणि त्यांना आत नेलं. मास्तर दाराकडे कान लावून बसले. पाऊण तासाने सिस्टरनी परत पट्टा बांधला, तेव्हा त्यांनी आकडा विचारलाच नाही. "ताई कशा आहेत?" एवढंच विचारलं.

"छान आहेत. आणि तुम्ही एकशे अठ्ठावीस. चला."

मास्तर आत जायला आणि मावशी बाहेर यायला एकच गाठ पडली. सिस्टर त्यांना खोलीत झोपवायला निघाल्या होत्या, पण मावशी ऐकतील तर शपथ. पट्टी बांधलेल्या डोळ्याने चाचपडत त्या सुनेशेजारी येऊन बसल्या.

"ये ग पोरी, जवळ सरक," त्या म्हणाल्या. "ते येईपर्यंत मी आहे."

सकाळपासून आवरून धरलेलं सुनेचं रडं तिथे फुटलं.